एकही गोळी न घेता

गंगाधर दातारांना पहिली कळ आली ती दाढी करताना. उजव्या गालावर ब्रश टेकला आणि कानापासून हनुवटीपर्यंत कुणी तापलेली तार ओढावी तसं झालं. बायको चारुशीला धावत आली तेव्हा ते भिंतीला हात लावून उभे होते. गालावर साबण, तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांतून पाणी. थोड्या वेळात सगळं गेलं.

"दाढेचं असेल," ते म्हणाले.

दाढ काढली. मग शेजारचीही काढली. कळ जिथल्या तिथे. शेवटी मुलगा श्रेयस त्यांना पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, तेव्हा कळलं की दुखणं दातांचं नव्हतंच, चेहऱ्याच्या नसेचं होतं. वारा लागला, घास चावला, नुसतं बोललं तरी ती नस पेटणार. यानं जीव जात नाही, डॉक्टर म्हणाले, पण माणूस जेरीला येतो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी कळ थांबली. पण गंगाधर महाडच्या कोर्टात दिवाणी दावे चालवत. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतली माणसं त्यांच्याकडे येत, कारण दातार वकील कागद न उघडता गट नंबर सांगतात, फेरफार सांगतात, साक्षीदाराच्या आज्याचं नावसुद्धा सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. गोळ्या सुरू झाल्यावर एका दाव्यात ते उभे राहिले आणि 'कूळ' हा शब्दच त्यांना सापडेना. "तो... तो जमीन कसणारा," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. समोरचा तरुण वकील हसला नाही, उलट त्यानं खाली मान घातली. तेच त्यांना जास्त लागलं.

घरी येऊन त्यांनी सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

"दुखणं माझं आहे, ते राहू दे," ते चारुशीलेला म्हणाले. "पण डोकं पण माझंच राहायला हवं."

"बीपीची गोळी घेताच ना तुम्ही?"

"ती रक्ताला आहे. ही डोक्यात जाते."

श्रेयसनं फोनवर ऑपरेशनचं काढलं, तर म्हणाले, "कवटी फोडून घ्यायला मी काय नारळ आहे?"

त्यानंतरचं वर्ष त्यांनी कळ सोसत काढलं. मे महिन्यातही गालावरून मफलर. दाढी वाढलेली. चावणं नको म्हणून दोन्ही वेळा मऊ भात, तूप आणि मेतकूट, तोही कोमट. कोर्टात बोलता बोलता ते मध्येच थांबत, टेबलाची कड घट्ट धरत, न्यायाधीश वाट पाहत. मग कळ ओसरली की वाक्य जिथं तुटलं तिथूनच ते पुढे नेत. दावे जिंकतही होते. बाररूममध्ये त्यांच्याविषयी आदरानं बोललं जाई. हा आदर चारुशीलेच्या कानांवर येत होता, पण घरी काय चालतं ते तिलाच ठाऊक होतं. आंघोळीचं पाणी तोंडावर घेताना बंद दाराआडून येणारा आवाज तिला ऐकू यायचा. माणसाचा वाटू नये असा आवाज.

एका दुपारी पहिलाच घास तोंडात गेला आणि कळ आली. ती गेली, पाठोपाठ दुसरी आली, मग तिसरी. भात ना गिळता येत होता ना थुंकता. उघड्या तोंडातून लाळ आणि शितं शर्टावर पडत राहिली. चारुशीला टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिली, पण त्यांच्या चेहऱ्याला हात लावायची सोय नव्हती. सगळं निवल्यावर त्यांनी स्वतःच शर्ट बदलला, कोट चढवला आणि बटणं लावता लावता अगदी साध्या सुरात म्हणाले,

"चारू, एखाद्या दिवशी मी कोर्टातून परत आलो नाही, तर फार शोधाशोध करू नकोस."

ते गेल्यावर तिनं शितांनी माखलेला शर्ट भिजत घातला. मग तिनं पुण्याच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी शोधून काढली.

चवदार तळ्याजवळ बुद्धरत्नचं मेडिकल होतं. तो रोज सकाळी गंगाधरांबरोबर फिरायला जायचा, गोष्ट दुसऱ्या दिवशीच त्यांच्या कानावर गेली असती. म्हणून तिनं पोलादपूर गाठलं. जुन्या मैत्रिणीकडे जाते असं सांगून एसटीनं गेली आणि स्टँडजवळच्या दुकानातून गोळ्या घेऊन आली. कुणी काही विचारलं नाही. घरी आल्यावर खलबत्त्यात गोळी कुटली, मेतकुटात मिसळली, वर हिंगाची चिमूट जास्त टाकली. त्यांनी पहिला घास घेतला.

"हिंग जास्त झालाय," ते म्हणाले, आणि जेवले.

आठवडा गेला आणि कळा विरळ होऊ लागल्या. मग थांबल्याच. एका सकाळी त्यांनी भीत भीत दाढी केली. काहीच झालं नाही. आरशापुढून ते हलेचनात. मग त्यांनी तिला हाक मारली आणि तिचा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवला. इतक्या दिवसांनी तिनं त्या गालाला हात लावला होता. तिला रडू आलं, ते आनंदाचं आहे असं त्यांना वाटलं. ते तसं होतंही.

त्या दिवसांत तिनं सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण ते भाकरी चावून खात होते, फोनवर श्रेयसशी मोठ्यानं हसत होते. आज नको, उद्या सांगू, असं करत राहिली. आणि तेवढ्यात ते लोकांना सांगायला लागले.

"मनाचा निग्रह हवा," ते बुद्धरत्नला म्हणाले, बाररूममध्ये म्हणाले, दारावर आलेल्या पोस्टमनलाही म्हणाले. "डॉक्टर म्हणाला होता जन्मभर घ्यावी लागेल. वर्षभर सोसलं, एकही गोळी न घेता. गेलं की नाही?"

येसाजी हा त्यांचा अशील. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत त्याचं घर. त्याच्या चुलतभावानं दोघांच्या सामाईक वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या, जमिनीतला बरा तुकडा परस्पर मुंबईच्या माणसांना विकला होता, आणि तिथं जेसीबी लावण्याआधी मनाईचा हुकूम मिळावा म्हणून येसाजीची धडपड चालली होती. तारखेच्या दिवशी तो आणि त्याची बायको रंगूबाई आधी दातारांच्या घरी येत. रंगूबाईला संधिवात होता. बोटांची पेरं सुजत, सकाळी मूठ वळत नसे. महाडच्या दवाखान्यातून ती नेमानं गोळ्या नेई, आणि त्याविषयी तिच्या मनात काही खळखळ नव्हती. "गोळी पोटात गेली की हात चालतात," ती म्हणायची. "पेट्रोलबिगर गाडी चालते काय?"

त्या दिवशीही तिनं चहाबरोबर घ्यायला पिशवीतून गोळी काढली. गंगाधरांनी ते पाहिलं.

"अजून घेताय का या?"

"घ्यावीच लागते, साहेब. डागदर म्हणाला, सोडू नको."

"मलाही तेच म्हणाला होता माझा. हा चेहरा पाहिलाय ना तुम्ही? बोलता येत नव्हतं मला. आता बघा." त्यांनी उजव्या गालावर दोन चापट्या मारून दाखवल्या. "शरीराला सवय लावली की ते गोळी मागतं. नाही दिली की आपली आपण वाट काढतं. थोडं सोसावं लागतं, एवढंच."

येसाजी बायकोकडे बघून म्हणाला, "ऐकलंस काय गो? मी काय वेगळं सांगत व्हतो?"

चारुशीला दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. रंगूबाईनं तिच्याकडे पाहिलं, जरा विचारल्यासारखं. चारुशीलेनं ट्रे खाली ठेवला.

"साखर बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

रंगूबाईनं गोळी परत पिशवीत टाकली.

त्याच सुमाराला गंगाधरांची जीभ अडखळायला लागली होती. माणसांची नावं निसटत. जिना उतरताना ते कठडा धरत. वर्तमानपत्रातली एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत. चारुशीलेला हे दिसत होतं. एकदा तिनं अर्धीच गोळी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गाल धरला आणि लहान मुलासारखे भेदरून तिच्याकडे बघत राहिले. रात्रीच्या भातात तिनं पुन्हा अख्खी घातली.

येसाजीच्या मनाई अर्जावर युक्तिवाद झाला तो पावसाळ्याच्या तोंडावर. सगळा दावा एका गोष्टीवर उभा होता, की त्या जमिनीची वाटणी कधीच झालेली नाही, म्हणून चुलतभावाला एकट्याला ती विकता येत नाही. गंगाधर चांगलं बोलत होते. मग न्यायाधीशांनी विचारलं, "वाटणी झाली होती का?"

"हो," गंगाधर म्हणाले. "झाली होती."

मागच्या बाकावरून येसाजी अर्धवट उठला. त्यांना आपलं काहीतरी चुकलंय हे कळलं, पण काय ते सापडेना. ते कागद चाळत राहिले. समोरच्या वकिलानं वाक्य नोंदवून घ्यायला सांगितलं. गंगाधरांनी दुरुस्ती करायला तोंड उघडलं तेव्हा ते गट नंबरही दुसऱ्याच जमिनीचा सांगून बसले. मनाई नामंजूर झाली. दोन दिवसांत जेसीबी डोंगरावर चढला.

निकाल लागला त्या संध्याकाळी ते कोट न काढताच पडवीत बसले.

"माझे वडील शेवटी मला ओळखत नव्हते, तुला आठवतं?" ते म्हणाले. "मला 'मास्तर' म्हणायचे. तसंच होणार माझं. सुरुवात झालीय."

"काहीतरीच काय बोलता. दमलात तुम्ही."

"चारू, शेवटी शेवटी मी तुला ओळखलं नाही, तर राग धरू नकोस."

ती त्यांच्या पायाशी बसली होती. तोंडापर्यंत आलेलं तिनं गिळलं. सांगितलं तर ते गोळी सोडणार, कळ परत येणार, आणि मग एखाद्या दिवशी ते कोर्टातून परत येणार नाहीत. तिच्यापुढे एवढंच होतं. ती उठली आणि भात लावायला गेली.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी ते मोरीत पडले. उठवलं तर त्यांना वार सांगता येईना. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर वल्लरी साबळे वयानं लहान होत्या, पण शांतपणे काम करत. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्या कॉटपाशी आल्या.

"काका, तुमचं सोडियम फार खाली गेलंय. कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"बीपीची एक," गंगाधर जड जिभेनं म्हणाले. "बाकी काही नाही. नसेचं दुखणं होतं मला... घालवलं. एकही गोळी न घेता."

"सोडियम उतरलं की गोंधळ होतोच. पण विसरणं बऱ्याच महिन्यांचं आहे असं काकू म्हणतात, म्हणजे मेंदूचाही फोटो काढून घेऊ. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते, या वयात..."

गंगाधरांनी डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. ते चारुशीलेला बघवलं नाही.

"डॉक्टर, ते गोळी घेतात," ती म्हणाली. "त्यांना माहीत नाही. मी भातातून घालते."

तिनं गोळीचं नाव सांगितलं. किती घालते, कधीपासून, तेही सांगितलं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. गंगाधरांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. ते रागावतील याची तिची तयारी होती. पण अनोळखी घरात शिरलेल्या माणसानं बघावं तसं ते बघत होते, आणि मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

ती गोळी बंद झाली. सोडियम हळूहळू वर आलं. डॉक्टरांनी नसेसाठी दुसरी गोळी लिहून दिली. "हिनं झोप जास्त येईल, पण सोडियमला धक्का नाही. वेळ आणि मात्रा मात्र पाळायची," त्यांनी बजावलं. गंगाधरांनी पुडी खिशात ठेवली, घेतली नाही.

घरी आल्यावर ते स्वतःच्या हातानं भात लावू लागले. छोटा कुकर वेगळा, पातेली वेगळी. चारुशीलेनं पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो तसाच ठेवून नळावर जाऊन पाणी पीत. कळा परतल्या, पहिल्यापेक्षा जोरानं. तिला स्वयंपाकघरात यायची बंदी नव्हती, पण ते जेवायला बसले की ती आपणहून बाहेर जाई. बाहेरही ऐकू यायचंच.

डोकं मात्र निवळलं. नावं परत आली, गट नंबर परत आले. त्यांनी येसाजीच्या अर्जावरचा हुकूम मागवून घेतला आणि शांतपणे वाचला. आपण काय बोललो ते त्यांना आता स्वच्छ दिसत होतं.

काही दिवसांनी येसाजी कागद न्यायला आला. एकटाच आला.

"रंगूबाई नाही आल्या?" गंगाधरांनी विचारलं.

"तिला कुठं येववतं, साहेब. तुमी सांगितलंत त्या दिसापासून बंदच केल्या तिनं गोळ्या. पावसात लय झालं. आता हाताला आकडी बसल्यागत झालीय. भाकर थापता येत नाय. परत चालू केल्या, पण डागदर म्हणतो, वाकडी झाली ती बोटं आता सरळ व्हायची नाय."

गंगाधर काही बोलायला गेले आणि कळ आली. त्यांनी खुर्चीचे हात धरले. येसाजी दाराशी उभा राहून बघत होता, आपल्या वकिलाच्या गालावरून ओघळणाऱ्या पाण्याचं काय करावं हे न कळून. कळ गेल्यावर गंगाधरांनी कपाटातली त्याची फाइल काढली, नीट बांधली आणि त्याच्या हातात दिली.

"दुसरा वकील बघ, येसाजी. मी आता उभा राहणार नाही. कुणासाठीच नाही."

त्याच दिवशी त्यांनी ती दुसरी गोळी घ्यायला सुरुवात केली. पुडी टेबलाच्या खणात ठेवायची, खणाला कुलूप, किल्ली जानव्याला. वेळ झाली की ते स्वतः उठून घेत. कळा कमी झाल्या. ते दिवसभर खुर्चीत बसून राहू लागले, पेंगत, न बोलता.

चारुशीला पुढच्या आठवड्यात वाडीवर गेली. पोलादपूरहून दुसरी एसटी, मग चढण. वाटेत डोंगराला लाल ओरखडा पडला होता. झाडं आडवी होती, माती उतारावरून वाहून खालच्या शेतात आली होती. येसाजीचं घर त्याच्याच कडेला होतं.

रंगूबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर हात उपडे ठेवले होते, बोटं एका बाजूला कललेली. तिनं उठायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"बसा वैनी. चाय करायला कोण नाय घरात."

चारुशीला बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मेतकूट, पोलादपूरचं दुकान, खलबत्ता. साहेबांचं दुखणं निग्रहानं गेलं नव्हतं, गोळीनंच गेलं होतं.

"साहेबांनी सांगितलं म्हणून सोडल्या असं नाय," रंगूबाई मग म्हणाली. "मलाच सोडायच्या व्हत्या. रोज उठून गोळी घ्यायची म्हणजे रोज उठून आठवायचं, की आपण आता अशाच राहणार. कोणीतरी म्हणायला पायजे व्हतं की नको घेऊ. साहेब म्हणाले. मोठा माणूस. बरं वाटलं मला."

चारुशीलेला जरा हलकं वाटलं. तिनं रंगूबाईच्या हातावर हात ठेवला.

"पण वैनी," रंगूबाई म्हणाली, "तुमी तवा चाय घेऊन दारात उभ्या व्हतात ना?"

"हो."

"मी तुमच्याकडे बघितलं व्हतं."

"हो, रंगूबाई."

"मंग?"

रंगूबाईनं वाट पाहिली, मग हात तिच्या हाताखालून काढून घेतला. तेवढं करायलाही तिला वेळ लागला आणि दात आवळावे लागले. "परतीची गाडी लौकर असते," ती म्हणाली. "उतरायला लागा."

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. गंगाधर खुर्चीतच होते.

"कुठे गेली होतीस?"

दवाखान्यानंतर त्यांनी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. तिनं सांगितलं. डोंगराचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, रंगूबाई काय म्हणाली तेही शब्दाला शब्द सांगितलं, शेवटच्या प्रश्नासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते उठले, जानव्याची किल्ली काढून खण उघडला आणि एक गोळी तळहातावर घेतली.

"अहो, मघाशीच घेतली असेल ना तुम्ही? वेळ झाली नाही अजून."

"ती दुखण्यासाठी होती," ते म्हणाले. "ही डोकं झोपवायला."

तिचा हात पुढे झाला. त्यांच्या औषधाला हात लावायचा आपल्याला आता काही हक्क उरलेला नाही, हे आठवून तिनं तो मागे घेतला. गंगाधरांनी गोळी गिळली, खणाला कुलूप लावलं आणि जाऊन आडवे झाले. थोड्या वेळानं ती पायाशी घडी करून ठेवलेली चादर उलगडायला गेली, तर ते डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. तिनं चादर घातली. त्यांनी ती ढकलली नाही, ओढूनही घेतली नाही.